पेटंट औषधे : वेष्टनावरील अक्षर आणि बाटलीतील द्रव

‘पेटंट औषध’ हे नाव मोठे फसवे आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत इंग्लंडच्या राजाकडून काही औषधविक्रेत्यांना सनदा मिळत. त्यांवरून हे नाव रूढ झाले. पुढे मात्र या नावाने खपणाऱ्या बहुतेक औषधांस एकस्व मुळीच नव्हते. एकस्व घ्यावयाचे तर घटक उघड करावे लागतात, आणि या धंद्याचे भांडवल तर गुप्तता हेच होते. अमेरिकेत दात येणाऱ्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फीन असे, मातेस त्याची वार्ताही नसे. १९०६ च्या कायद्याने अशा द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे तेथे बंधनकारक झाले.

भारतात १९३० साली रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली. पुढे १९४० चा औषध कायदा झाला. १९५४ च्या कायद्याने मधुमेह, कर्करोग इत्यादी रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींस बंदी घातली.

परंतु छापलेले अक्षर खरे कशावरून? डायएथिलिन ग्लायकॉल हा द्रव ग्लिसरीनसारखाच रंगहीन, दाट व गोड असतो. डोळ्यांस वा जिभेस दोहोंतील भेद कळत नाही. पोटात गेल्यास मात्र तो मूत्रपिंडे निकामी करतो. १९३७ साली अमेरिकेत एका उत्पादकाने विषारीपणाची परीक्षा न करताच त्यात सल्फानिलामाइड विरघळवून विकले. शंभराहून अधिक माणसे दगावली. १९३८ च्या कायद्याने विक्रीपूर्वी सुरक्षितता सिद्ध करणे तेथे आवश्यक ठरले.

तरीही १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिलेल्या द्रवातील याच विषाने चौदा रुग्णांचा बळी घेतला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात याच विषाने दूषित झालेले खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके मृत्यू पावली. त्यांपैकी अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते.

गुप्त औषधांच्या काळी ग्राहकास घटकांची नावेच ठाऊक नसत. आज ती वेष्टनावर छापलेली असतात. पण बाटलीत तेच आहे किंवा नाही, हे केवळ प्रयोगशाळाच सांगू शकते. म्हणून कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची परीक्षा ही औषधनिर्मितीची पहिली पायरी होय. ती चुकली, तर छापील वेष्टन आणि जुन्या पेटंट औषधाची चिठ्ठी यांत काहीच अंतर उरत नाही.