तीन व्होल्ट गेले कुठे?

विजेचे प्रयोग करण्यासाठी दप्तरात मावतील अशी उपकरणे आज मिळतात. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटर या संस्थेत तयार झालेले ‘एक्सपआइज-१७’ हे त्यांपैकीच एक. ते संगणकाला जोडले, की विद्युत्‌दाबाचे आकडे पडद्यावर दिसतात. अशी पेटी शाळेत आली, की प्रथम तिचीच परीक्षा घ्यावी. त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी आणि प्रत्येकी १० लाख ओहमचे दोन रोधक पुरेत.

बॅटरीचे धन टोक पेटीच्या ए-१ या अग्राला व ऋण टोक ग्राउंडला जोडून दाब मोजा. तो ९ व्होल्ट आला असे धरू. (नवी बॅटरी थोडा जास्तच दाखवते.) आता दोन्ही रोधक एकसर जोडून बॅटरीला लावा आणि एकेका रोधकावरचा दाब पाहा. रोधक सारखे, तेव्हा प्रत्येकी साडेचार व्होल्ट यायला हवेत. प्रत्यक्षात येतात ३ आणि ३! बेरीज ६. मग उरलेले ३ व्होल्ट गेले कुठे?

‘पेटी बिघडली’ म्हणून ती कपाटात ठेवण्याची घाई करू नका. ए-१ या अग्राला स्वतःचा रोध आहे, आणि तोही १० लाख ओहम. तो रोधकाला समांतर जोडला गेला, की दोहोंचा मिळून रोध ५ लाख ओहमच राहतो. मग ५ लाख व १० लाख यांत ९ व्होल्टची वाटणी होते: ३ इकडे, ६ तिकडे. दुसऱ्या रोधकावर मोजायला गेलात, की तेथे ३ आणि पहिल्यावर ६! पेटी खोटे बोललेली नाही. मोजताना परिपथच बदलला, आणि बदललेल्या परिपथाचा दाब तिने चोख दाखवला.

रोधक १० हजार ओहमचे घेतलेत, तर प्रत्येकी सुमारे ४.४८ व्होल्ट मिळतील. सोनेरी पट्टीच्या रोधकांत ५ टक्के फरक चालतो, म्हणून दोन आकडे थोडे वेगळे येतील. बेरीज मात्र ९ च्या जवळ राहील. येथेही ती ६ च आली, तर मात्र पेटीवर किंवा तारांवर संशय घ्यावा.

उपकरणाचा रोध तुम्हांलाही काढता येतो. बॅटरी व ए-१ यांच्यामध्ये १० लाख ओहमचा एकच रोधक घाला. आकडा साडेचारवर आला, की दोन्ही रोध सारखे. हाच प्रयोग शाळेतल्या डिजिटल मल्टिमीटरवर करून पाहा. तेथे ८.१८ च्या आसपास आकडा आला, तर त्याचा रोध सुमारे १ कोटी ओहम आहे.