तबकडीच्या प्रतिमा : त्यांची ओळख व त्या उघडण्याची रीत

व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असते, हे आपले वाडवडील जाणून होते. इ. स. २००० च्या सुमारास आपल्यापैकी पुष्कळ पेढ्यांनी जमाखर्च संगणकावर घेतला व वर्षअखेरीस त्याची नक्कल सीडीवर उतरविली. पुढे सीडी खराब होतील या भीतीने कित्येकांनी त्यांच्या प्रतिमा करून ठेवल्या. आज वाटणीचा किंवा कर खात्याच्या विचारणेचा प्रसंग आला, की ती फाइल सापडते, परंतु उघडत नाही. ती नासली असे मानून टाकून देण्यापूर्वी तिचे स्वरूप जाणून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रतिमा म्हणजे काय? सीडीतील निवडक फाइली न उचलता सर्व मजकूर क्रमाने एकाच फाइलीत उतरविला, की तिला प्रतिमा म्हणतात. सीडीच्या प्रत्येक खंडात २३५२ बाइट असतात. साध्या माहिती-सीडीत त्यांपैकी २०४८ बाइट आपला मजकूर; उरलेले ओळखखुणेसाठी व चूक सुधारण्यासाठी. सर्वपरिचित आयएसओ प्रतिमा बहुधा २०४८ बाइटच ठेवते. तिच्यातील रचनेचे प्रमाण १९८८ साली ठरले.

इतर प्रकार कमी परिचयाचे आहेत. 'नीरो'ची एनआरजी प्रतिमा आपली अनुक्रमणिका फाइलीच्या शेवटी ठेवते. 'अल्कोहोल'ची एमडीएफ प्रतिमा व तिचे वर्णन करणारी लहानशी एमडीएस फाइल यांची जोडी असते. तशीच बिन व क्यू यांची. ही लहान फाइल क्षुल्लक समजून पुसू नये. क्यू फाइल साध्या अक्षरांत असल्याने हरवल्यास पुन्हा लिहिता येते. एमडीएसचे तसे नाही. ॲपलच्या डीएमजीची ओळख तिच्या शेवटच्या ५१२ बाइटांत असते.

नावावरून जात ठरवू नये. आकारास २०४८ ने किंवा २३५२ ने निःशेष भाग जातो का, हे प्रथम पाहावे. आकार नेमका १४,७४,५६० बाइट असेल, तर ती बहुधा जुन्या फ्लॉपीची प्रतिमा होय. शून्यापासून मोजता ३२७६९ व्या बाइटपासून 'सीडी००१' ही रोमन खूण दिसली, तर आत आयएसओ रचना आहे, मग नाव काहीही असो. नाव बदलल्याने मात्र प्रकार बदलत नाही.

उघडण्यापूर्वी मूळ फाइलीची नक्कल करावी व नकलेवरच प्रयोग करावेत. विंडोज ८ (२०१२) पासून आयएसओ प्रतिमा थेट उघडते. 'सेव्हन-झिप' ही विनामूल्य प्रणाली आयएसओ व बहुतेक डीएमजी उघडते. लिनक्सवर 'सीडीएमू' एमडीएस, एनआरजी व क्यू वाचते. उघडल्यावर आतील फाइली बाहेर काढून तपासाव्यात. हिशेब ज्या प्रणालीत लिहिला, ती प्रणालीही जपावी. तिच्यावाचून आकडे वाचता येतीलच असे नाही.

मूडबिद्रीच्या भांडारात धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके सुरक्षित होत्या. परंतु त्यांच्या नकला झाल्या व १९३९ पासून अमरावतीहून छापील खंड निघू लागले, तेव्हा ते ज्ञान सर्व अभ्यासकांच्या हाती आले. नुसते जपणे पुरेसे नाही. जपलेले वाचता येत राहिले पाहिजे. म्हणून दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक पेढीने आपली एक जुनी प्रतिमा उघडून पाहावी, अशी आमची विनंती आहे.