लहान होडी आणि मोठा दर्या

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर आपलें नवी मुंबई शहर वसलें आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर येथील उंच गच्चीवरून पाहिलें, तर भरतीचें रुपेरी पाणी आणि ओहोटीनें उघडा पडलेला काळा चिखल हीं दोन्ही दृश्यें एकाच दिवसांत दोनदां पाहावयास मिळतात. दिवाळे, करावे, सारसोळे या गांवांतील कोळी व आगरी बांधवांच्या होड्या याच पाण्यांत पिढ्यान् पिढ्या वावरत आल्या. आपण मात्र बहुधा पुलावरून आगगाडीनें जातों आणि खाडीकडे खिडकींतून पाहतों. म्हणून पाण्यावर कांहीं अपघात घडला कीं आपणांस एकदम भीति वाटते, पण त्याचें कारण शोधावयाचें सुचत नाहीं.

ता. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेट-वेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या यंत्राची चांचणी चालू होती आणि ती ताब्याबाहेर गेली. पंधरा माणसें प्राणांस मुकलीं. पाण्यांत पडलेल्यांपैकीं अनेकांच्या अंगावर लाइफ-जॅकेट नव्हतें. या प्रसंगानंतर पुष्कळ पालकांच्या तोंडून आम्ही ऐकलें कीं, लहान बोटींत बसणें हाच मुळीं वेडेपणा होय. जावयाचें तर मोठ्या जहाजानें जावें.

हें मत आम्हांस मान्य नाहीं. ‘रामदास’ ही कांहीं होडी नव्हती. ती चांगली पोलादी आगबोट होती. ता. १७ जुलै १९४७ रोजीं, ऐन पावसाळ्यांत, आषाढी अमावास्येसाठीं घरीं जाणाऱ्या चाकरमान्यांना घेऊन ती भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली. काश्याच्या खडकाजवळ वादळी लाटांनीं तिला गांठलें, घाबरलेले प्रवासी एका अंगास लोटले आणि ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. कोकणांतील किती तरी घरांत ती अमावास्या अद्याप विसरली गेलेली नाहीं. आकारानें मोठी असूनही ती वांचली नाहीं, कारण बोट तरणें अगर उलटणें हें तिच्या लांबीपेक्षां तिच्यांतील वजन कोठें आहे आणि पाणी आंत शिरतें कीं नाहीं, यावर अधिक अवलंबून असतें.

ही गोष्ट घरींच ताडून पाहतां येते. नारळाची एक करवंटी घंगाळांतील पाण्यावर सोडा. ती जराशा धक्क्यानें डोलूं लागेल. आतां तिच्या तळाशीं चार खडे ठेवा. ती पाण्यांत थोडी खोल बसेल, परंतु धक्का दिला तरी सरळ होईल. तेच खडे एका काडीच्या टोकास बांधून ती काडी करवंटींत उभी केली, तर करवंटी लागलीच पालथी होते. होडींत उभे राहूं नये असें नावाडी ओरडून सांगतो, त्याचें मर्म हेंच. दुसरा प्रयोग परातीचा. परातींत दोन बोटें पाणी घेऊन घरभर चाला. परात ज्या बाजूस कलते त्या बाजूस सगळें पाणी धांवतें आणि तिला आणखीच कलवतें. होडींत शिरलेलें पाणी हेंच करतें, आणि घाबरून एका बाजूस धांवणारीं माणसेंही हेंच करतात. पाणी उपसण्याचें भांडें होडींत असावेंच असावें.

लांकडी होडी पाण्यानें भरली तरी सहसा तळाशीं जात नाहीं, कारण लांकूड पाण्याहून हलकें. फायबरची बोट तशी नव्हे. तिचें द्रव्य पाण्याहून जड असतें. म्हणून तिच्यांत हवेचे बंद कप्पे किंवा हलका फोम भरावा लागतो. बोट भाड्यानें घेतांना तिच्या रंगापेक्षां हे कप्पे शाबूत आहेत कीं नाहींत तें विचारावें!

खोल समुद्रांत जाणारी शिडाची लहान नौका याहून निराळी असते. तिला वरून फळ्यांचें छप्पर असतें, आणि तळाच्या मुख्य लांकडास, ज्यास आपले सुतार पठाण म्हणतात, खालून लोखंडाचें किंवा शिशाचें वजन जडविलेलें असतें. तंजावरची डोलणारी बाहुली कशीही ढकलली तरी उभी राहते, तशी ही नौका आडवी पडली तरी पुन्हां उठते. हें पुस्तकी वचन नव्हे; त्याचा पुरावा आपल्याच बंदरांत तयार झाला आहे.

‘सुहैली’ हें नांव आमच्या विद्यार्थ्यांपैकीं किती जणांनी ऐकलें असेल? अवघी ३२ फूट लांबीची ही दोन डोलकाठ्यांची नौका मुंबईस बांधली गेली आणि १९६४ च्या अखेरीस पाण्यांत उतरली. लांकूड सागवानी, हत्यारें म्हणजे आपल्या सुतारांचा वांकस आणि दोरीनें फिरविण्याचा सामता. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा त्या वेळीं ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरीस असलेला तरुण अधिकारी होता. ता. १४ जून १९६८ रोजीं तो इंग्लंडांतील फालमथ बंदरांतून एकटाच निघाला. कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची अशी ती शर्यत होती. वाटेंत नौकेच्या सांध्यांतून पाणी येऊं लागलें, तेव्हां त्यानें भर समुद्रांत बुडी मारून ते सांधे बाहेरून कापसानें भरले. मध्यें एक शार्क घिरट्या घालूं लागला, त्यास बंदुकीनें मारून काम पुरें केलें. दक्षिण महासागरांत लाटेनें नौका आडवी फेकली. रेडिओ बंद पडला, आपोआप दिशा धरणारें यंत्र मोडलें. तरी ३१२ दिवसांनीं, ता. २२ एप्रिल १९६९ रोजीं, ‘सुहैली’ फालमथला परत आली. शर्यतींत उतरलेल्या नऊ जणांपैकीं प्रदक्षिणा पुरी करणारा तो एकटाच. त्या नौकेचे मुंबईकर कारागीर कोण, हें मात्र जगानें फारसें विचारलें नाहीं, याची आम्हांस खंत वाटते.

पुढें त्याच नकाशावरून गोव्यांतील दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ‘थुरिया’ बांधली गेली. याच कारखान्यानें पूर्वी ‘म्हादेई’ बांधली होती. तिच्यांतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें आणि अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. टॉमी यांनीं तर मध्यें कोठेंही न थांबतां. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतींत टॉमी ‘थुरिया’ घेऊन उतरले. ता. २१ सप्टेंबर रोजीं हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत भयंकर वादळानें नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्यास जबर दुखापत झाली. त्यांना उठतां येईना. तीन दिवसांनीं ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांना सोडविलें. तोंपर्यंत त्यांना पाण्यावर धरून ठेवलें तें त्या मोडक्या, काठीहीन ‘थुरिया’नेंच. पुढें बरे होऊन हेच टॉमी पुढच्या शर्यतींत उतरले आणि २०२३ च्या एप्रिलांत दुसरे आले.

ऑगस्ट १९७९ मध्यें इंग्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीवर असेंच वादळ कोसळलें. तीनशेंच्या वर नौका त्यांत होत्या. पंधरा खलाशी मरण पावले. चोवीस नौका माणसांनीं सोडून दिल्या, परंतु त्यांपैकीं पांचच बुडाल्या. उरलेल्या एकोणीस वादळ शमल्यावर पाण्यावर तरंगतांना सांपडल्या. कांहीं खलाशी तर नौका सोडून रबरी तराफ्यावर गेले आणि तेथें मेले. तेव्हांपासून दर्यावर्दी लोक सांगतात कीं, नौका पायाखालून जाऊं लागेपर्यंत तराफ्यावर जाऊं नये. आपल्या खाडींतही होडी उलटली तर तिला धरूनच राहावें. किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघणें घातक. ओहोटीचा ओढ चांगल्या पोहणाऱ्यासही दमवितो, आणि उलटी होडी लांबून दिसते तसें एकटें डोकें दिसत नाहीं.

अर्थात् नौका अमर नसते. नोव्हेंबर २०२२ मध्यें आफ्रिकेच्या दक्षिणेस फिनलंडच्या टापिओ लेहतिनेन यांची ‘अ‍ॅस्टेरिया’ पांचएक मिनिटांतच बुडाली. त्या वेळीं मात्र तराफ्यानेंच त्यांना तारलें. दुसऱ्या दिवशीं त्याच शर्यतींतील कर्स्टन नॉयशेफर या बाईंनीं आपला मार्ग सोडून त्यांना उचललें, आणि शेवटीं शर्यतही त्यांनींच जिंकली.

आतां पुन्हां आपल्या खाडीकडे वळूं. येथें लाटांचें भय थोडें, चिखलाचें फार. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटींतील फरक चार मीटरहून अधिक होतो आणि होडीखालचें पाणी पाहतां पाहतां नाहींसें होतें. ऐरोलीहून फ्लेमिंगो पाहावयास नेणाऱ्या बोटी भरतीची वेळ पाहूनच सुटतात, तें याचसाठीं. कोकणांतील म्हाताऱ्यांचा जुना हिशेब मुलांनीं पाठ करावा: तिथीची पाऊणपट करावी, तितक्या वाजतां सुमारें पूर्ण भरती, पुढें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. दशमी असेल तर साडेसातला, चतुर्थी असेल तर तीनला. पक्ष शुद्ध असो कीं वद्य, हिशेब तोच. द्वितीयेस दुपारीं दीडला भरती येते. त्या दिवशीं ‘चार वाजतां निघूं आणि सातला परत येऊं’ असा बेत करणाऱ्या मंडळींची होडी काळोख पडतां पडतां चिखलांत रुतेल, आणि डबा संपलेला असतांना रात्रीं उशिरापर्यंत पाण्याची वाट पाहत त्यांना तेथेंच बसावें लागेल.