पुरुषांचे आयुर्मान : इस्ट्रोजेन संशोधन आणि विकासाचा प्राधान्यक्रम

मनुष्य किती वर्षे जगतो, हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. तो सार्वजनिक वित्ताचाही आहे. नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्गावर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे प्रधान खंडपीठ आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३२३ क अन्वये संमत झालेल्या १९८५ च्या अधिनियमाने हे न्यायाधिकरण अस्तित्वात आले. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक व निवृत्तिवेतनविषयक विवादांचा निवाडा तेथे होतो. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय निवृत्तिवेतनधारकास वयाच्या ८० व्या वर्षी मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के अतिरिक्त रक्कम मिळू लागली. वयाच्या शंभरीत हे प्रमाण १०० टक्के होते. वाढलेले प्रत्येक वर्ष अशा रीतीने शासनाच्या दायित्वात उतरते. पुरुषांचे आयुष्य औषधाने वाढविता येईल काय, या संशोधनाचा विचार म्हणूनच अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही करावयास हवा.

आयुर्मानातील तफावत

नमुना नोंदणी पद्धतीनुसार १९७०-७५ या काळात भारतातील पुरुषांचे जन्मसमयीचे अपेक्षित आयुर्मान ५०.५ वर्षे, तर स्त्रियांचे ४९.० वर्षे होते. म्हणजे स्त्रिया मागे होत्या. प्रसूतिकाळातील मृत्यू, कुपोषण आणि मुलींच्या आरोग्याची उपेक्षा ही त्यामागील प्रमुख कारणे होत. १९८१-८५ मध्ये स्त्रियांनी किंचित आघाडी घेतली. २०१६-२० मध्ये पुरुषांचे आयुर्मान ६८.६, तर स्त्रियांचे ७१.४ वर्षे झाले. जगातील बहुतेक देशांत स्त्रिया अधिक जगतात. त्यात संप्रेरकांचा वाटा किती आणि राहणीमानाचा किती, हा संशोधनाचा विषय आहे.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष

इस्ट्रोजेन हे प्रामुख्याने स्त्रियांच्या शरीरात कार्य करणारे संप्रेरक होय. ते पुरुषांना दिल्यास स्तनवृद्धीसारखी स्त्रैण लक्षणे उद्भवतात. एस्ट्राडायोलच्या रेणूतील १७ व्या कर्बाणूवरील एका गटाची दिशा बदलली की १७-अल्फा-एस्ट्राडायोल हे त्याचे समघटक रूप मिळते. त्याचा स्त्रैण परिणाम बराच सौम्य असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या कार्यक्रमात तीन केंद्रांवर एकाच वेळी उंदरांवर त्याची चाचणी झाली. २०१४ च्या निष्कर्षांत नर उंदरांचे मध्यक आयुष्य १२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. अधिक मात्रेच्या चाचणीत ही वाढ १९ टक्के होती. ते निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. माद्यांचे आयुष्य मात्र वाढले नाही. औषध उतारवयात सुरू केले तरी नरांना लाभ होतो, असे २०२१ मध्ये दिसून आले.

संप्रेरके आणि वार्धक्य यांच्या संबंधाचा अभ्यास भारतालाही नवा नाही. काशी हिंदू विद्यापीठातील प्रा. मधुसूदन कानुनगो यांनी १९७५ मध्ये वार्धक्याची जनुकीय अभिव्यक्तीवर आधारलेली उपपत्ती मांडली. वयानुसार ऊतींचा संप्रेरकांना मिळणारा प्रतिसाद कसा बदलतो, हा त्यांच्या प्रयोगशाळेच्या अभ्यासाचा एक विषय होता.

आकडेवारी वाचताना

६८.६ वर्षांचे १९ टक्के म्हणजे सुमारे १३ वर्षे. तेव्हा भारतीय पुरुष १३ वर्षे अधिक जगेल, असा हिशेब कोणी मांडल्यास तो चुकीचा ठरेल. प्रयोगशाळेतील उंदीर अपघात, संसर्ग व उपासमार यांपासून सुरक्षित असतात आणि त्यांपैकी बहुतेक अर्बुदांमुळे मरतात. मानवाचे जन्मसमयीचे आयुर्मान ही मात्र सर्व वयांतील मृत्युदरांवरून काढलेली सरासरी असते. तीत बालमृत्यूंचाही समावेश असतो. शिवाय ‘मध्यक’ आणि ‘सरासरी’ या भिन्न संज्ञा आहेत.

मानवी अनुभवही सावधगिरीचा इशारा देतो. अमेरिकेत १९६६ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देण्यात आले होते. लाभ तर झाला नाहीच. उलट रक्ताच्या गुठळ्या व हृदयविकार यांचे प्रमाण वाढल्याने अधिक मात्रेचा गट १९७० मध्ये आणि कमी मात्रेचा गट १९७३ मध्ये बंद करावा लागला. ते इस्ट्रोजेन वेगळे होते, हे खरे. तरीही उंदरांमधील यश हा मानवी उपचाराचा पुरावा नव्हे. १७-अल्फा-एस्ट्राडायोलमुळे पुरुषांचे आयुष्य वाढते, हे कोणत्याही मानवी चाचणीने सिद्ध केलेले नाही. म्हणून ते स्वतःहून घेणे धोक्याचे होय.

आजच उपलब्ध असलेले उपाय

भारतीय पुरुषांच्या अकाली मृत्यूंची अनेक कारणे टाळता येण्याजोगी आहेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील ४२.४ टक्के पुरुष व १४.२ टक्के स्त्रिया तंबाखूचे सेवन करीत होत्या. २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्याच वर्षी नोंदल्या गेलेल्या आत्महत्यांमध्ये पुरुषांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते. तंबाखूवरील कर, हेल्मेटची सक्ती, रक्तदाबाची नियमित तपासणी आणि मानसिक आरोग्यसेवा यांसाठी नव्या रेणूचा शोध लागण्याची वाट पाहावी लागत नाही.

या मृत्यूंची किंमत कुटुंबांना मोजावी लागते. २०११ च्या जनगणनेत विधवांची संख्या सुमारे ४.३ कोटी होती. विधुरांच्या संख्येच्या ती तिपटीहून अधिक भरते. पती वयाने मोठा असणे आणि विधुरांचे पुनर्विवाह हीदेखील त्याची कारणे आहेत. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयोगटातील कमावती व्यक्ती मृत्यू पावल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. इंदिरा गांधी राष्ट्रीय विधवा निवृत्तिवेतन योजनेत ४० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये इतकाच आहे. पस्तिशीत विधवा झालेली स्त्री या केंद्रीय योजनेत बसतच नाही.

निष्कर्ष

वयाच्या चाळिशीत टळलेला मृत्यू आणि ऐंशीनंतर मिळालेली अधिकची वर्षे यांचे आर्थिक परिणाम भिन्न आहेत. पहिल्यात श्रमशक्ती, मुलांचे शिक्षण व कुटुंबाचे उत्पन्न टिकते. दुसऱ्यात निवृत्तिवेतन व शुश्रूषा यांवरील खर्च वाढतो. दुसरे उद्दिष्ट त्यामुळे त्याज्य ठरत नाही. वार्धक्यावरील संशोधनास पाठबळ मिळालेच पाहिजे. मात्र मर्यादित साधनसामग्री असलेल्या देशात प्राधान्यक्रम ठरवावा लागतो. आयुर्मानात नुसती भर पडणे हे विकासाचे अपुरे माप होय. ती भर कोणत्या वयात पडली, ती वर्षे निरामय होती काय आणि ती कोणाच्या वाट्याला आली, हे पाहिल्यावाचून विकासाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.