नोकरीच्या दिवशी दहा मिनिटे

आपल्या घरोघरच्या अल्बमांत लग्नाचे फोटो सापडतात. पण ज्या घाण्यामुळे कोकणात आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्या घाण्याचा फोटो किती घरांत आहे? रोजच्या गोष्टीसाठी सवड काढावी, असे सहसा कोणास वाटत नाही. ओमानमध्ये नोकरीस असलेल्या मराठी मंडळींचीही हीच अडचण. म्हणून आज आपण मस्कतचा दिवस उदाहरणादाखल घेऊ.

मस्कत कर्कवृत्तालगत आहे. जूनमध्ये दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि माणसाच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. जून ते ऑगस्ट १२.३० ते ३.३० उन्हातल्या कामास तेथे बंदी असते. म्हणजे सवड मिळते तेव्हा बाहेरचा उजेड वाईट! अशा वेळी सावलीत, खिडकीजवळ उघडलेला जेवणाचा डबा टिपावा. जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आत उगवतो. कामावर निघताना मत्रा बंदराच्या काठी तिरपा, मऊ उजेड मिळतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हाही सकाळच धरावी.

दोन पथ्ये आम्ही सांगू. माणसाचा फोटो त्यास विचारूनच काढावा. लष्करी व सरकारी जागांचा काढू नये.

दिवसाला एकच फोटो पुरे. त्यासोबत तारीख, ठिकाण आणि नाव मात्र अवश्य लिहावे. नातवंडे विचारतील तेव्हा सांगणारे आपण असूच असे नाही.