चित्रकाराची वही आणि डिजिटल आवृत्ती

चित्रकार वहीत चार ओळी लिहितो, मध्येच एक आकार काढतो, त्याला बाण जोडतो आणि पुन्हा लिहू लागतो. पुस्तक छापताना मजकूर एका पानावर जातो, आकार दुसऱ्या, आणि बाण कुठेच जात नाही.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या वह्या पुढे कशा प्रसिद्ध व्हाव्यात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक मौजेने १९९० साली काढले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनात त्यांच्या वह्याही होत्या. पण काचेच्या पेटीत वहीची दोनच पाने दिसतात. बरव्यांनी कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरला. आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांना देतात तसाच. वडिलांच्या नखांत तो रोज असतो, त्यामुळे हा चित्रकार मला परका वाटत नाही.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रे २००९ मध्ये इंटरनेटवर विनामूल्य खुली झाली. एकूण ९०२ पत्रे, त्यांतील ८१९ त्याच्या हातची. पानाचे छायाचित्र, मूळ डच किंवा फ्रेंच मजकूर, इंग्रजी अनुवाद आणि टिपा शेजारी शेजारी पाहता येतात.

मात्र नुसती छायाचित्रे काढली म्हणजे आवृत्ती झाली, असे नव्हे. हस्ताक्षर कोणीतरी वाचून अक्षरांत उतरवावे लागते, खोडलेला शब्दही खोडलेला म्हणूनच दाखवावा लागतो. मराठीत आणखी एक अडचण आहे. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधी शाळा शिकलेला माणूस पुढेही ‘कांहीं’ लिहू शकतो. वाचकाने ‘काही’ शोधले तर ते पान सापडणारच नाही. संपादकाने मूळ लेखन सुधारू नये, शोधासाठी आजचे रूप आतल्या बाजूस जोडावे, असे मला वाटते. हे काम यंत्रापेक्षा मराठी विभागाचे अधिक आहे!

अनुवादाशेजारी मूळ का हवे? ‘कोरा’ हाच शब्द घ्या. पाणी न लागलेले कापड कोरे, बिनदुधाचा चहा कोरा, जूनमधली वही कोरी. इंग्रजी ‘ब्लँक’मध्ये रितेपणा येतो, नव्या वहीचा वास येत नाही.