ब्रेकमधली हवा : पास्कलचा नियम आणि घरचे काम



शाळेत आपण पास्कलचा नियम पाठ करतो आणि परीक्षा संपली की विसरतो. पण गाडीचे ब्रेक दाबताना रोज तोच नियम आपला जीव सांभाळत असतो. पारनेरहून टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाटाने कल्याण-मुंबईला जाणारी माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. म्हणून हा पाठ मुलांइतकाच मोठ्यांसाठीही आहे.

आधी छोटा प्रयोग

सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या आणि बारीक नळीने जोडा. आत पूर्ण पाणी भरून एक दट्ट्या दाबा. दुसरा लगेच हलतो. आता नळीत थोडी हवा राहू द्या आणि पुन्हा दाबा. दट्ट्या मऊ लागतो आणि पलीकडचा उशिरा हलतो. पाणी जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. ब्रेकचे सगळे गणित इथेच आहे.

नियम काय सांगतो?

बंदिस्त द्रवाला दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांनी सांगितले. समजा, पेडलकडचा पिस्टन ५ चौरस सेंमी आणि चाकाकडचा २० चौरस सेंमी आहे. मग चाकाकडे जोर चौपट मिळतो, पण पिस्टन सरकतो पावपटच. म्हणून थोडीशी हवासुद्धा पेडलची बरीच चाल खाऊन टाकते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात सतत ब्रेक दाबला की ऑइल तापते, वाफ होते आणि पेडल खाली जाते. गाडी थंड झाली की वाफ विरते, ब्रेक पुन्हा ठीक वाटतात. दोष मात्र तिथेच असतो, बरं का! म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा आणि पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत ऑइल बदलावे.

पुढचे पॅड बदलताना

१. गाडी सपाट, कडक जागेवर लावा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा.
२. चाकाचे नट जमिनीवरच सैल करा. मग जॅकने उचलून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही.
३. कॅलिपर काढल्यावर पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.
४. पिस्टन हळूहळू मागे ढकला. टाकीतले ऑइल वर येते, ते सांडत नाही ना, बघा. सांडले तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग जातो.
५. दोन्ही चाकांचे पॅड जोडीनेच बदला. धुळीवर फुंकर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.
६. चाक बसवल्यावर पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. त्याआधी गाडी हलवू नका.

पाइप उघडला नसेल तर एवढ्याने भागते. पाइप उघडला असेल किंवा पेडल मऊ लागत असेल, तर हवा काढावीच लागते.

हवा काढताना

याला दोन माणसे लागतात. एक पेडलवर, एक चाकाशी. निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचे टोक बाटलीतल्या नव्या ऑइलमध्ये बुडवा.

चाकाजवळचा म्हणतो, “दाब.” पेडल दाबून धरले की तो निपल थोडे सैल करतो. बुडबुडे बाहेर येतात, पेडल खाली जाते. “धरून ठेव!” निपल घट्ट बंद करायचे आणि मगच म्हणायचे, “सोड.” हा क्रम चुकला तर बाहेरची हवा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. टाकीतले ऑइल मधून मधून भरत राहा, ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! निघालेले ऑइल परत वापरू नका. कोणते चाक आधी, हे पुस्तिकेत पाहा. एबीएस असलेल्या काही गाड्यांना वेगळे यंत्र लागते, तिथे गॅरेजच बरे.

शेवटची परीक्षा

इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरा. ते कडक राहिले पाहिजे, हळूहळू खचता कामा नये. इंजिन सुरू केल्यावर पेडल किंचित खाली जाते, ते बरोबर आहे. मग मोकळ्या जागेत अगदी हळू चालवून पाहा. जरा जरी शंका आली तर गाडी रस्त्यावर न काढता मेकॅनिकला घरी बोलवा. पहिल्यांदा हे काम करताना तर जाणकार माणूस शेजारी हवाच.

स्वाध्याय : पेडल सोडण्याआधी निपल का बंद करायचे? सिरिंजचा प्रयोग करून घरच्यांना समजावून सांगा.